नीरा कोमट हवी

रविवार, ११ फेब्रुवारी १९७३. वेळ सकाळी साडेअकराची. सुरतेत नानपुऱ्यातल्या एका भाड्याच्या घराच्या बाहेरच्या खोलीत, नंदुरबारचे निवृत्त मुख्याध्यापक दामोदरपंत गर्गे यांनी डोक्यावरची काळी टोपी काढली, उठून ती टेबलावरच्या फुलदाणीला घातली, आणि "आता कसं शिस्तीत दिसतंय" असे म्हणून ते पुन्हा खुर्चीत बसले.

घटना एवढीच. दुसऱ्या कुणाच्या घरी ती घडली असती तर तिच्याकडे दुर्लक्ष करता आले असते. पण हे घर चंद्रकांत उपासनी यांचे होते, आणि चंद्रकांतराव हे 'निर्व्यसनी समाज मंडळा'चे पगारी प्रचारक होते. दारूबंदीच्या राज्यात, दारूबंदीच्या प्रचारकाच्या घरी, भर सकाळी, मुलगी बघायला आलेला वरपिता फुलदाणीला टोपी घालतो, याचे कारण विचारण्याचा हक्क समाजाला आहे. समाजाने तो बजावला नाही. गावातल्या वर्तमानपत्रांनी त्या आठवड्यात विहिरीत पडलेल्या एका रेड्यावर दोन कॉलम खर्च केले. (रेडा स्वतःहून बाहेर आला.) तेव्हा झाले ते पहिल्यापासून सांगणे भाग आहे.

चंद्रकांतरावांनी जन्मात दारूचा थेंब चाखला नव्हता. खोकल्याचे औषधसुद्धा ते बाटलीवरची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय घेत नसत, आणि वाचून झाल्यावर बहुधा खोकत राहणेच पसंत करीत. मात्र दारूविषयी त्यांना जेवढी माहिती होती तेवढी मुंबईच्या एखाद्या बारवाल्यालाही नसेल. त्याचे असे झाले की चौकबाजारात एका रद्दीवाल्याकडे त्यांना एक इंग्रजी पुस्तक सापडले. विलायतेतल्या हॉटेलांत वाढपी म्हणून लागणाऱ्या पोरांसाठी ते लिहिलेले होते, आणि कोणती दारू किती गार किंवा किती गरम करून गिऱ्हाइकापुढे ठेवावी, याचे त्यात सविस्तर मार्गदर्शन होते. चंद्रकांतरावांनी ते एका बैठकीत वाचून काढले आणि ते थक्क झाले. एवढे लाड? त्यांच्या स्वतःच्या चहाचे एवढे लाड कुणी केले नव्हते. तो तर बहुतेक वेळा गारच मिळायचा.

त्यातून त्यांचे ते गाजलेले व्याख्यान तयार झाले. मंडळाच्या खर्चाने त्यांनी मांजरपाटावर एक मोठा तक्ता रंगवून घेतला. बिअर : सात-आठ डिग्री, बाटलीला घाम फुटेल इतकी गार. शॅम्पेन : त्याहून गार, बर्फाच्या बादलीत. पांढरी वाइन : विहिरीच्या पाण्याइतकी. तांबडी वाइन : खोलीच्या तापमानाला. (इथे चंद्रकांतराव थांबून सांगत की ही खोली विलायतेतली समजायची, सुरतेतल्या मे महिन्यातल्या खोलीत ती उकळेल.) ब्रँडी : तळहाताच्या उबेवर. रम : बर्फाचा खडा टाकून. रंगाऱ्याने प्रत्येक पेयाचा पेला असा हुबेहूब काढला होता की बिअरच्या पेल्यावरून ओघळणारा थेंब पुसायला एकदा पुढच्या रांगेतला माणूस रुमाल घेऊन उठला होता.

हे सगळे वाचून दाखवून झाले की चंद्रकांतराव आवाज चढवीत आणि म्हणत, "मंडळी, व्यसन म्हणजे दुसरं काय? तापमानाचे लाड. सात्त्विक माणूस गार पीत नाही, कढत पीत नाही. सात्त्विक माणूस कोमट पितो."

व्याख्यानाला गर्दी लोटे. पांडेसऱ्याच्या रंगाईच्या कारखान्यांबाहेर तर पाळी सुटल्यावर कामगार जागा धरून बसत. मंडळाला वाटे, जागृती होते आहे. खरी गोष्ट अशी की गुजरातेत एवढी तपशीलवार माहिती दुसरीकडे कुठे मिळतच नसे. सुपडू नावाचा एक खानदेशी कामगार दर खेपेला हात वर करून एकच शंका विचारी, "सायेब, आमनी ते टूबमा येस. तिनं कसं?" हातभट्टीची दारू सायकलच्या ट्यूबमधून गावात येते, आणि ट्यूब उन्हात राहिली तर तिचे तापमान किती धरावे, असा त्याचा सरळ प्रश्न होता. चंद्रकांतरावांच्या तक्त्यात ट्यूब नव्हती.

असो. प्रश्न आहे वंदनाचा.

वंदना ही चंद्रकांतरावांची एकुलती एक मुलगी. बी. एस्सी. झालेली, मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवणारी. तिला सांगून आलेले स्थळ म्हणजे दामोदरपंतांचा मुलगा श्रीकांत, उकाई धरणावर ओव्हरसियर. मुलगा चांगला होता. तो 'सिमेंटच्या कामासाठी' दोन-तीनदा सुरतेला येऊन गेला होता, आणि सिमेंट वंदनाच्या शाळेच्या फाटकासमोर मिळते अशी त्याची का कोण जाणे समजूत झालेली होती. वंदनानेही ती दुरुस्त केली नव्हती. म्हणजे दोघांचे ठरलेलेच होते. अडचण होती ती दामोदरपंतांची.

दामोदरपंतांना सोयरिकीत व्यसनाची सावलीसुद्धा चालत नसे. तीन मुली त्यांनी तेवढ्यावरून नाकारल्या होत्या. एकीच्या वडिलांनी नाताळात कुणाच्या तरी घरी केक खाल्ला होता आणि त्यात काय होते ते विचारले नव्हते. एकीचा भाऊ नाटकात दारुड्याचे काम करायचा आणि ते फारच चांगले करायचा. तिसरीचा मामा दमणला नोकरीला होता. मामा पोस्टात होता, देवभोळा होता, पण दमणला होता. तिथे दारूबंदी नाही.

अशा माणसाला उपासन्यांचे स्थळ पसंत पडले ते चंद्रकांतरावांच्या नोकरीमुळे. व्यसनमुक्तीच्या प्रचारकाची मुलगी. याहून निर्मळ घर कुठे मिळणार? वंदनाच्या संसाराची सगळी मदार अशी वडिलांच्या कोरडेपणावर होती, आणि घरातल्या तिघांनाही ते पक्के ठाऊक होते.

पाहुण्यांना प्यायला काय द्यायचे, यावर आठवडाभर खल झाला. दामोदरपंत चहा-कॉफी घेत नसत, तेही व्यसनच. सरबत चालत नसे, कारण चाळीस वर्षे वर्गात ओरडून त्यांचा घसा नाजूक झाला होता आणि गार वस्तू ते घोटभरही घेत नसत. दूध त्यांना बाधे. चंद्रकांतरावांच्या पत्नी शकुंतलाबाई म्हणाल्या की मग गरम पाणी द्यावे आणि मुलगी दाखवावी. तेव्हा चंद्रकांतरावांनी मांडी थोपटली आणि म्हणाले, "नीरा."

कल्पना अगदीच वाईट नव्हती. हिवाळ्यात पहाटे केंद्रावर मिळणारी ताडाची ताजी नीरा म्हणजे मंडळाने जाहीर शिफारस केलेले पेय. रात्री झाडाला मडकी बांधायची, उजाडायच्या आत उतरवायची आणि गारच प्यायची. गोड, पौष्टिक, कायदेशीर. चंद्रकांतराव पहाटे पितळेची बरणी घेऊन केंद्रावर गेले आणि कामरेजकडच्या झाडांची नीरा गळ्यापर्यंत भरून घेऊन आले.

शकुंतलाबाईंनी दारातच विचारले, "बर्फ आणलात का? केंद्रावर बर्फात ठेवतात ना?"

इथे, वाचकहो, एका सुशिक्षित माणसाची बुद्धी कशी चालते ते पाहण्यासारखे आहे. चंद्रकांतरावांनी बायकोला बसवून समजावले. गार करून पितात ती दारू. नीरा दारू नाही. ज्या अर्थी नीरा दारू नाही त्या अर्थी ती गार असण्याचे कारण नाही. केंद्रावर बर्फात ठेवतात ती लोकांची चैन. शिवाय दामोदरपंतांचा घसा. तेव्हा नीरा कोमट हवी.

"पण ती ऊन लागलं की ताडी होते म्हणतात," शकुंतलाबाई म्हणाल्या.

"ऊन लागलं की. आपल्या न्हाणीघरात ऊन येतं का?"

न्हाणीघरात ऊन येत नव्हते. तिथे काळोख होता, आणि अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब होता, आणि बंबात निखारे होते. चंद्रकांतरावांनी बरणी बंबाला टेकवून ठेवली, तिच्यावर झाकण लावले आणि ऊब जाऊ नये म्हणून वरून आपली लोकरी शाल गुंडाळली. थोड्या वेळाने त्यांनी ताप बघायचा थर्मामीटर झटकून आत बुडवला. पारा अठ्ठ्याण्णवाच्या जरासा वर येऊन थांबला.

"अगदी नॉर्मल," ते समाधानाने म्हणाले. "निरोगी माणसाइतकी."

पाहुणे आठला यायचे होते. पण वाटेत रुळावर म्हशी बसल्या होत्या, आणि त्यांना उठायची घाई नव्हती. आठ गेले, नऊ गेले. नऊला आले ते रमणीकभाई. हे मंडळाचे अध्यक्ष. कापडाचे व्यापारी, अंगाने भरभक्कम, खिशात सदैव मंडळाचे सील बाळगणारे. चंद्रकांतरावांच्या चारित्र्याबद्दल चार शब्द बोलायला त्यांना मुद्दाम बोलावले होते. रिकामे बसवणे बरे नव्हे म्हणून त्यांना नीरेचा पेला दिला. तो त्यांना फार आवडला. मग दुसरा दिला. तिसरा त्यांनी मागून घेतला, आणि ते डोळे मिटून भजन गुणगुणू लागले. चंद्रकांतरावांना भरून आले. एवढा मोठा माणूस, पण भक्ती किती साधी.

अकराच्या सुमाराला गर्गे मंडळी आली. दामोदरपंत, त्यांच्या पत्नी मालतीबाई, आणि नवे बूट घातलेला श्रीकांत. मालतीबाईंची ख्याती अशी होती की त्या बोलत नसत. नवऱ्याने विचारले तर होय किंवा नाही, आणि तेही त्याच्या तोंडाकडे बघून.

वंदनाने पेले आणले. दामोदरपंतांनी आधी दोन बोटे पेल्याला बाहेरून लावली.

"कोमट आहे," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरासा ओला झाला. "उपासनी, इतक्या घरी गेलो. माझ्या घशाचा विचार पहिल्यांदा कुणी केला."

त्यांनी पेला संपवला. किंचित आंबूस आहे, म्हणाले, पण घशाला बरी वाटते. दुसरा संपवला. जिभेवर मुंग्या आल्यासारखे वाटते, म्हणाले, पण छान मुंग्या आहेत. तिसऱ्या पेल्याला त्यांनी वंदनाला प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि उत्तरे स्वतःच दिली. चौथ्यानंतर ते उठले आणि टोपी फुलदाणीच्या डोक्यावर गेली.

चंद्रकांतराव मनापासून हसले. मुख्याध्यापकी विनोद असे असतात अशी त्यांची कल्पना होती. दुसरा पेला संपवलेल्या मालतीबाईही हसल्या, मोठ्याने हसल्या, आणि हसता हसता त्यांनी शकुंतलाबाईंना सांगितले की यांची ती टोपी मला लग्नापासून आवडत नाही.

श्रीकांतने मात्र पहिलाच घोट घेऊन पेला खाली ठेवला होता. धरणाच्या कामावर राहून त्याला काही गोष्टींचे वास कळू लागले होते. त्याने वंदनाकडे पाहिले. मग पेल्याकडे पाहिले. मग आपल्या वडिलांकडे आणि फुलदाणीकडे पाहिले, आणि अगदी हळूच मान हलवली. वंदना उठून आत गेली.

न्हाणीघरात तिने बरणीचे झाकण काढले तेव्हा आत फेस सुस्कारे टाकत होता. तिने वडिलांना आत बोलावून घेतले.

"बाबा, ही इथे कधीपासून आहे?"

"पहाटेपासून. का, गार झाली?"

"ही ताडी झालीय."

"शक्य नाही. ऊन कुठे लागलं तिला?"

"उन्हानं नाही होत, बाबा. उबेनं होते. साखर आंबते. मी नववीला शिकवते हे."

"नववीला?" चंद्रकांतराव म्हणाले. नववीच्या मुलींना ताडी शिकवतात, याचा धक्का त्यांना आधी बसला. घरातल्या ताडीचा नंतर.

मागून शकुंतलाबाई आल्या आणि मी बर्फ म्हणत होते एवढेच बोलल्या. ते वाक्य त्यांनी पुढे आयुष्यभर पुरवून वापरले.

आता काय करायचे? बाहेर दामोदरपंत कळत-नकळत नीट प्यायलेले. त्यांना हे समजले तर लग्न मोडणार हे नक्की, आणि नंतर नंदुरबारपासून धुळ्यापर्यंत एकाही घरात वंदनाचे नाव निघणार नाही. दारूबंदीवाल्याने मुलगी खपवण्यासाठी व्याह्याला ताडी पाजली. असली बातमी पसरायला वर्तमानपत्र लागत नाही. वंदनाच्या डोळ्यांत पाणी आले. ती म्हणाली की आता एक थेंबही बाहेर जाता कामा नये, त्यांना पोहे खायला घालू, वर लिंबू पिळू, दुपारी झोपवू, आणि उठल्यावर प्रवासाचा शीण म्हणून सांगू.

बेत उत्तम होता. तो बिघडवला चंद्रकांतरावांनी. त्यांचे म्हणणे, पुराव्याशिवाय एका पेयावर असा आरोप करणे अन्यायाचे आहे. ताडी आहे की नाही ते आधी ठरले पाहिजे. त्यासाठी त्यांनी एक पेला भरून घेतला आणि चाखला. काही कळेना. कळणार कसे? दारू कशी लागते हे माहीत असायला ती आधी कधी प्यायलेली असावी लागते, आणि इथे तर पाटी कोरी. पहिल्याची खात्री करायला त्यांनी दुसरा घेतला. दोन्हींचे एकमत होते का ते पाहायला तिसरा. त्यानंतर त्यांचा निर्णय झाला.

"दारू असती तर माझ्यावर परिणाम झाला असता," ते भिंतीला म्हणाले. "मी तर अगदी नॉर्मल आहे." आणि खुंटीवरचा तक्ता बगलेत मारून बाहेर गेले, कारण बाहेर दामोदरपंत त्यांच्या त्या प्रसिद्ध व्याख्यानाची फर्माईश करत होते.

पांडेसऱ्याच्या कामगारांनी ते व्याख्यान अनेकदा ऐकले होते, पण असे कधीच नाही. चंद्रकांतरावांनी तक्ता फुलदाणीवर टांगला (टोपीसकट), छडी म्हणून पळी घेतली आणि बिअरपासून सुरुवात केली. आजवर ते बिअरचा धिक्कार करीत. आज ते तिच्याविषयी हळवे झाले. बाटलीला फुटणारा घाम त्यांनी असा वर्णन केला की रमणीकभाईंनी डोळे न उघडता स्वतःच्या कपाळावरचा घाम टिपला. पांढऱ्या वाइनला कुणी विहिरीत दोरीने सोडून ठेवत असेल, तर तो माणूस वाईट असेल असे आपल्याला आता वाटत नाही, असे ते म्हणाले. ब्रँडीचा पेला तळहातात कसा धरतात हे दाखवताना त्यांनी दोन्ही हातांत रिकामी हवा धरली आणि ती कितीतरी वेळ सोडली नाही. दाराआड वंदना कपाळाला हात लावून उभी होती.

"आणि रम," चंद्रकांतराव म्हणाले, "रममध्ये बर्फाचा खडा टाकून..."

"चूक," दामोदरपंत म्हणाले.

चाळीस वर्षांच्या मुख्याध्यापकीत जो आवाज मुलांच्या उत्तराला मध्येच कापायचा, तो हा आवाज. चंद्रकांतरावांची पळी हवेतच थांबली.

"रम गरम पाण्यात घ्यायची. पाणी उकळायचं नाही. बोट बुडवलं तर सोसवेल इतकंच. त्यात दोन लवंगा ठेचून. लिंबू पिळतात काही लोक, पण ते अडाणी. लिंबानं घसा धरतो. बर्फ कुणी सांगितला तुम्हाला?"

"पुस्तकात आहे," चंद्रकांतराव कसेबसे म्हणाले.

"पुस्तक चूक आहे. खोडा ते."

रमणीकभाईंचे भजन थांबले. श्रीकांत बुटांकडे पाहू लागला. आणि ज्या बाईची बोलत नाही म्हणून ख्याती होती, ती आपली खुर्ची सरकवून नवऱ्यासमोर वळून बसली.

"लवंगा मी ठेचून देते," मालतीबाई म्हणाल्या. "रोज रात्री. तुमच्या काढ्यात."

"तो काढा आहे," दामोदरपंत म्हणाले. "घशाचा. जाधव वैद्यांचा."

"जाधव वैद्य मिलिटरीतून रिटायर झालेत. हे मला आत्ता आठवलं."

दामोदरपंतांनी टोपी चाचपली. ती डोक्यावर नव्हती.

"बोट बुडवून मीच बघते रोज पाणी," मालतीबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं. आणि तीन मुली नाकारल्यात तुम्ही. एकीचा मामा दमणला पोस्टात होता म्हणून. तो बिचारा तिकिटं विकायचा. आमच्या घरात दमण रोज रात्री माझ्या हातानं भरून येतं, ते नाही कुणी मला सांगितलं."

बोलण्यासारखे दामोदरपंतांकडे होते, पण त्यांच्या जिभेवर अजून मुंग्या होत्या.

"मुलगी मला पसंत आहे," मालतीबाईंनी शकुंतलाबाईंकडे वळून सांगितले. "याला ती पसंत आहे, हे हा सिमेंट आणायला लागला तेव्हाच मला कळलं. एक पोतंसुद्धा घरी आलं नाही. तुम्ही नारळ आणा, साखर आणा. आत्ताच उरकून टाकू. यांची परवानगी नंतर घेईन मी, सवड मिळाली की."

शकुंतलाबाई नारळ आणायला धावल्या. वंदनाच्या हातावर साखरेची पुडी पडली. श्रीकांत उठून सगळ्यांच्या पाया पडला, आणि गडबडीत रमणीकभाईंच्या दोनदा पडला. चंद्रकांतराव तेवढ्या वेळात तक्त्यावरचा 'बर्फाचा खडा' हा मजकूर पळीच्या टोकाने खरडत बसले होते.

ही सगळी सोयरीक ताडीच्या अमलाखाली ठरली, आणि अंमल उतरला की मोडेल, अशी भीती शकुंतलाबाईंना संध्याकाळपर्यंत होती. पण मालतीबाई दुपारी झोप काढून उठल्या, तोंड धुतले, केस विंचरले आणि टांग्यात बसता बसता म्हणाल्या, "मी पूर्ण शुद्धीवर आहे. तिथी काढा लवकर." दामोदरपंतांनी टांग्यातून चंद्रकांतरावांना जवळ बोलावले. चंद्रकांतरावांना वाटले, आता खुलासा मागतील. दामोदरपंत कानाशी एवढेच पुटपुटले की लग्नातही हीच नीरा ठेवा, आणि अशीच कोमट. मग पत्नीकडे पाहून त्यांनी घसा खाकरला.

लग्न वैशाखात झाले. नीरेचा हंगाम तोवर संपला होता. दामोदरपंतांनी संपूर्ण लग्नात गरम पाणी घेतले. त्यात लवंग नव्हती; मालतीबाई स्वतः पेला भरत होत्या. वंदना उकाईला गेली, सुखी आहे. सुपडूच्या आग्रहावरून चंद्रकांतरावांनी पांडेसऱ्याला सुधारित तक्ता दाखवला तेव्हा, रम गरम पाण्यात घेतात हे त्यांना आज कळले, यावर पुढची रांग बराच वेळ हसत होती.

येथे कथा संपायला हवी. पण एक बाब राहते, आणि ती दडपून टाकणे योग्य नाही.

त्या दुपारी, पाहुणे झोपलेले असताना, रमणीकभाईंची कर्तव्यबुद्धी एकाएकी जागी झाली. बाकी रमणीकभाई जागे झाले होते की नाही, यावर दुमत आहे. ते म्हणाले, "उपासनी, आमां कंईक छे." म्हणजे यात काहीतरी आहे; शंका आहे, आणि शंका आहे तिथे नमुना घेतलाच पाहिजे. बरणीत तळाशी थोडी उरली होती. औषधाची एक निळी बाटली शोधून, धुऊन दिली. नमुना कसा आहे ते कळल्याशिवाय नमुना कसला, असे म्हणून रमणीकभाईंनी तो भरला, एकदा चाखला, पुन्हा भरला, पुन्हा चाखला. मग बुचावर लाख ओतली आणि खिशातले मंडळाचे सील दाबले. मेणबत्ती चंद्रकांतरावांनी धरली होती. ते ज्योतीकडे पाहत होते. बाटलीकडे पाहिले की नाही हे त्यांना सांगता येत नाही. साक्षीदार म्हणून कागदाच्या चिठ्ठीवर सही मात्र त्यांचीच आहे, आणि ती तिरपी आहे.

पुढच्या बैठकीत मंडळाने बाटली टेबलावर ठेवली. लाख जशीच्या तशी. सील शाबूत. बाटली रिकामी.

अध्यक्षांना कुणी काही विचारले नाही. अध्यक्षांना विचारायची प्रथा मंडळात नाही. त्याऐवजी ठराव झाला की या विषयाचे सर्वांत जाणकार सभासद श्री. उपासनी यांनी, सीलबंद बाटलीतली नीरा किती तापमानाला वाफ होऊन नाहीशी होते, याचा लेखी खुलासा करावा.

चंद्रकांतरावांना बिअरचे तापमान पाठ आहे, शॅम्पेनचे आहे, ब्रँडीचे आहे. रमचे त्यांनी दुरुस्त करून घेतले आहे. हे एक त्यांना अजून सापडलेले नाही. बाटली मंडळाच्या कपाटात आहे, सील शाबूत आहे.